हवा पास झाली त्याची गोष्ट

आमच्या चाचणी विभागात त्यांना सगळे काकू म्हणत. लग्न केलं नव्हतं. तरीही दोन मजले भरून पुतणे होते.

काकूंच्या खोलीत कपाटाएवढं एक मशीन होतं. तयार चिप त्याच्या सॉकेटमध्ये बसवायची, झाकण लावायचं, बटण दाबायचं. मशीन चिपला शून्य-एकाच्या लाखभर ओळी ऐकवी आणि तिची उत्तरं पडताळून पाही. हिरवा दिवा लागला तर चिप बाजारात, लाल लागला तर डब्यात. अजूनही तापलेल्या धुळीचा वास आला की मला ती खोली आठवते, आणि आपण तेव्हा बारीक होतो हेही आठवतं.

नव्या चिपच्या ओळी त्या मशीनच्या मेमरीत मावेनात. साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत मावल्या तर मशीन राहील. नाहीतर भंगार." मशीन गेलं की खोली जाणार आणि शेवटची दोन वर्षं काकूंना स्टोअरमध्ये बसवणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

ओळी दाबून बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी नवा होतो, म्हणजे मला सगळं येत होतं.

त्या ओळींत आकड्यांपेक्षा फुल्या जास्त असत. चिपला द्यायच्या ओळीत फुली असेल तर तिथे शून्य द्या, एक द्या, काहीही चालतं. चिपकडून यायच्या उत्तरात फुली असेल तर मशीनने तिकडे बघायचंच नाही. फुल्या शेजारच्या आकड्यासारख्या केल्या की एकच आकडा लांबलचक चालतो. मग सगळा न लिहिता 'दोनशे वेळा शून्य' एवढं लिहून भागतं. मी प्रोग्रॅम लिहिला. लाखभर ओळी पाव जागेत बसल्या. काकूंनी विचारलं, "पावच? नीट तपासलंस ना, बाळा?" मी गणिताकडे बोट दाखवलं.

सोमवारी साहेबांसमोर चाळीस चिपा लावल्या. चाळीस वेळा हिरवा. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"चाळीसच्या चाळीस?" काकू म्हणाल्या. "आपल्याकडच्या?"

"काकू, आता तुम्ही दृष्ट लावू नका," साहेब म्हणाले.

काकूंनी शेवटची चिप चिमट्याने काढली, रिकाम्या सॉकेटवर झाकण लावलं आणि बटण दाबलं.

हिरवा.

"अभिनंदन साहेब," काकू म्हणाल्या. "हवासुद्धा पास झाली."

फुली आणि आकडा शेजारी आले की दोघांना एकसारखं करायचं, एवढंच मी प्रोग्रॅमला शिकवलं होतं. द्यायच्या बाजूला फुलीचा आकडा झाला, ते ठीक. उत्तराच्या बाजूला आकड्याची फुली झाली, आणि मशीनने बघायचंच सोडून दिलं.

साहेबांनी दार लोटून घेतलं. "हे आपल्या तिघांतच राहिलं तर? मशीनही राहील."

"राहू दे की," काकू म्हणाल्या. "आणि त्या चिपा कुणाच्या घरी राहायला पाठवायच्या?"

साहेबांनी गुरुवारपर्यंत मुदत दिली. ते तीन दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. काकू कागदावर पेन्सिलीने फुल्या भरत, मी त्या प्रोग्रॅममध्ये घाली. मध्येच त्या म्हणत, "हिला कशाला हात लावतोस? उत्तराची आहे ती. लेकाच्या, तुला घरी कुणी उत्तरं दिली नाहीत का?" इतकी शिकवणी मला कॉलेजात फी भरूनही मिळाली नव्हती.

तरीही गुरुवारी नऊशे ओळी उरल्याच.

"लाखात नऊशे!" साहेब म्हणाले. "गाळून टाका. कुणाला कळतंय?"

"गाळते. कुठल्या गाळू ते तेवढं खूण करून द्या." काकूंनी यादी आणि पेन्सिल त्यांच्यासमोर ठेवली. साहेबांनी दोन पानं उलटली, चष्मा पुसला, आणखी एक पान उलटलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

पुढच्या आठवड्यात चार हमाल आले. आता माझ्या हाताखालच्या मशीनला इतकी मेमरी आहे की फुल्या कुणी मोजत नाही. मुलं मला विचारतात, सर, तुम्ही तेव्हा दिवसभर करत काय होता?

हमाल आले त्या दिवशी भंगाराच्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. साहेब म्हणाले, "जुनाट, असं लिहा." काकूंनी पेनचं टोपण काढलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'नऊशे ओळी मावल्या नाहीत. गाळल्याही नाहीत.' खाली सही केली, आणि जेवणाचा डबा उचलून स्टोअरकडे निघाल्या.