धाकटीसाठी राखलेली झुकिनी

मित्रांनो, मी एक जून झुकिनी आहे. दिसायला काकडीच्या बहिणीसारखी, पण कूळ भोपळ्याचे. आता अर्धीच उरले आहे आणि ओट्यावर उपडी पडून तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म स्वयंपाकघराच्या मागच्या दारी, एका पिवळ्या फुलाच्या पाठीशी झाला. त्या दिवसांत मधमाश्या फिरकत नव्हत्या. मग या घरातल्या ताईंनी एक नर फूल खुडले, त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि झोपलेल्या बाळाच्या गालाला हात लावावा तितक्या हलकेच माझ्या फुलाला पराग लावला. देवाच्या कृपेने मी धरले.

ताई शाळेचे गणवेश शिवतात. त्यांची कात्री सरळ चालते, मन मात्र हळवे. मी वीतभर झाले तेव्हा त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले आणि त्या यजमानांना म्हणाल्या, "ही पहिली धाकटीची. लसूण आणि मिरपूड घालून नुसती परतते ती. दोन मिनिटांत होते."

मला केवढा अभिमान वाटला!

पण ताईंची धाकटी बहीण चार गल्ल्यांवर राहूनही येत नव्हती. एकदा पाहुण्यांसमोर ती सहज बोलून गेली होती, "ताई, भाजी शिजवलीस की तिला शिक्षा केलीस?" सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. तेव्हापासून दोघींचा अबोला.

"एक फोन कर की," घड्याळदुरुस्ती करणारे यजमान म्हणाले.

"बोलली ती. यायचंही तिनंच."

"अगं, माझ्या दुकानातली घड्याळं थांबतात. ही झुकिनी थांबायची नाही."

"बघते उद्या."

ताई रोज सकाळी पान उचलून मला पाहत आणि पुन्हा झाकून ठेवत. कधी फोन हातात घेत, पदराने पुसत आणि खाली ठेवत. मी मात्र खुळ्यासारखी वाढत होते. मला वाटे, मोठे होणे म्हणजेच चांगले होणे. रोपाचा सगळा जीव मी एकटीच ओढत होते. माझ्यामागून आलेली इवलीशी फळे पिवळी पडून गळाली. माझी साल कडक झाली आणि पोटात बिया भरल्या.

मग काल संध्याकाळी धाकटी आली. ती नर्स आहे. दूरच्या शहरातल्या इस्पितळात तिला नोकरी लागली होती.

"उद्या सामान हलतंय," ती दारातूनच म्हणाली. "तुला न सांगता पाय निघेना."

ताई तशाच मागच्या दारी गेल्या आणि मला दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या. धाकटीने सुरी लावली, ती माझ्यात रुतून बसली.

"ताई, करवत आहे का गं घरात?"

दोघी हसल्या. हसता हसता ताई थांबल्या. "तुझ्यासाठीच ठेवली होती."

"कधीपासून?"

ताई लसूण सोलत राहिल्या.

धाकटीने मला कशीबशी अर्धी कापली, त्या अर्ध्या भागाची साल काढली, बिया काढल्या आणि तो पुष्कळ वेळ परतला. मी शिजले, पण मऊ काही झाले नाही. धाकटीने सगळे खाल्ले, वर आणखी मागून घेतले.

"खोटं खोटं खाऊ नकोस," ताई म्हणाल्या. "दोरी चावल्यासारखी चावते आहेस."

"छान झालीय. आणि आता काही बोलायची माझी हिंमत नाही बाई."

धाकटी गेली. आज सकाळी ताईंनी रोपाचे एकेक पान उचलून पाहिले. कोवळे फळ एकही नव्हते. आत येऊन त्यांनी माझ्या भोवतीचा ओटा पुसला. मला टाकले नाही आणि चुलीवरही ठेवले नाही.

मित्रांनो, तुमच्या परसात काही धरले तर ते कोवळे असतानाच खुडा. ज्याच्यासाठी राखले असेल त्याच्या दारी आपणच घेऊन जा. कडी वाजवताना लाज वाटेल, वाटू द्या. दार उघडले की ती जाते. माझी साल मात्र आता कोवळी व्हायची नाही.