आगळाने घासलेला बेंड

इंजिनातून निघालेली सायलेन्सरची नळी जिथे खाली वळते, त्या बेंडवर चार रंग दिसतात. इंजिनाला लागून राखाडी, मग निळा, मग जांभळा, आणि शेवटी गवती पिवळा, जो पुढे क्रोमच्या मूळ चकाकीत विरून जातो. हे रंग कुणी लावलेले नसतात. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो; तो जाड होत जाईल तसा रंग पिवळ्याकडून निळ्याकडे सरकतो. म्हणजे बेंड पाहिला की इंजिन किती तापलं ते कळतं. आमच्या मोटारसायकलचा निळा पट्टा गणपतीत दोन बोटं रुंद होता. दिवाळीत तो वळण ओलांडून पुढे गेला.

मी हे राहुलना, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. "इंजिन जास्त तापतंय. कार्बोरेटरचा स्क्रू तुम्ही फिरवलाय ना? पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त जातेय. होता तसा करा."

"अ‍ॅव्हरेज बघ की किती वाढलंय!"

"आणि बेंड?"

"पुसला की झालं."

पुसणं म्हणजे काय, तर दर रविवारी ते अंगणात पाट टाकून बसत आणि बेंडला आगळ चोळत. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस. आमच्या घरात तांब्याचा हंडा त्यानेच उजळतो. मग गाडी का उजळू नये? सासूबाई स्वतः बरणीतून वाटीभर काढून देत. तांबं वेगळं आणि क्रोम वेगळं, आम्ल आणि मीठ मिळून क्रोमच्या बारीक भेगांतून खालच्या पोलादापर्यंत जातात, हे मी सांगायची. निळा रंग निघून जाई. त्या जागी टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके राहत.

"रंग घालवून काय होणार?" मी म्हणाले. "हे म्हणजे पोराला ताप आलाय आणि तुम्ही त्याला पावडर लावताय."

ओटीवरून सासरे हसले. "राहुल, गाडी कालिजात घाल रं. सूनबाय पेपर तपासंल तिचा."

"नापासच करंल ती," राहुल म्हणाले.

मला हसू आलं नाही. याच गाडीवर मागे बसून मी म्हसळ्याजवळच्या आमच्या गावातून रोज माणगावला जायची. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. मला सोडून राहुल पुढे कारखान्यात जात. एसटी पहिल्या तासाला पोचत नाही. आणि गाडी घाटात धापा टाकायची, थांबायची, गार व्हायची, मग निघायची. शेवटी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची प्रयोगशाळा तुमच्याकडे देतोय, म्हणाले, पण पुन्हा उशीर झाला तर रतन सरांकडे जाईल. ती प्रयोगशाळा मी लावलेली होती. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा माझ्या अक्षरातल्या.

उपाय हाताशी होता. माझी सहकारी प्राप्ती हिच्या घरामागे एक खोली रिकामी होती. "आठवडाभर इथे राहा, रविवारी घरी जा," असं ती पावसाळ्यापासून म्हणत होती. मी घरी विषय काढायचं ठरवलं तेव्हा लावणी चालू होती. मग गणपती आले. मग कापणी, दिवाळी, चुलत नणंदेचं लग्न. योग्य वेळेची वाट पाहण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी घाटात बेंड फुटला. नेमका ठिपक्यांच्या जागी. असा आवाज झाला की रस्त्याकडेच्या म्हशी उधळल्या. राहुलनी खाली वाकून पाहिलं, मी नको म्हणत असताना बाटलीतलं पाणी तापलेल्या नळीवर ओतलं, आणि चीर आणखी लांबली.

"ओतू नका म्हटलं होतं!"

"आवाजच येतोय फक्त. चालेल की."

तेवढ्यात गावातल्या चंदरचा मासळीचा टेम्पो शेजारी थांबला. "काय राहुलशेट, बुलेट घेतलीस? पेढं कवा?"

"शिमग्याला ये!" राहुल म्हणाले. दोघंही हसायला लागले. मी टेम्पोत चढले.

बर्फाच्या खोक्यांना टेकून मी माणगावात पोचले तेव्हा प्रयोगशाळेचं दार उघडं होतं आणि आत रतन सर माझ्या बाटल्या टेबलांवर मांडत होते. बाहेरून आलेले परीक्षक त्यांच्याशीच बोलत होते. प्राचार्य दारात उभे होते. आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, तुम्ही अकरावीचे तास घ्या." माझ्या साडीला मासळीचा वास येत होता, आणि तो त्यांनाही आला असणार.

संध्याकाळी राहुल नवा बेंड बसवूनच घरी आले. खुशीत होते.

"बाबा, मिस्त्री काय म्हणाला ठाऊक हाय? स्क्रू जास्त फिरवला होता. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणून तापायची. लगेच ओळखलं त्याने. आणि आगळ लावू नको, म्हणाला."

"व्हय का?" सासरे म्हणाले. "आपल्याला कोन सांगनार हे?"

"तेच की. हुशार मानूस."

माझ्या हातात चहाचे कप होते. मी ते खाली ठेवले. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता तुझा उशीर संपला बघ," राहुल मला म्हणाले. "उद्यापासून एकदम टायमात."

"प्रयोगशाळा गेली," मी म्हणाले. "रतन सरांकडे."

"अगं, पुढच्या साली मिळंल," सासूबाई म्हणाल्या. "एवढा कशाला जीव जाळतेस? चहा घे."

"आई, मला बोलायचंय."

"जेवल्यावर बोल की. आता दिवा लावायची येळ हाय."

"नाही, आत्ताच," मी म्हणाले. "मी माणगावला खोली घेतेय. सोमवार ते शनिवार मी तिथेच राहणार."