मरणासाठी ठेवलेलं लुगडं

दुष्काळ होता अन् त्यात केजच्या कॉलेजची पोरं गावात आली. समुद्रकाठी तुफानात माणसं वाहून गेली, जुने कपडे द्या, म्हणत घरोघर फिरू लागली. मी सुनेला बजावलं, "मनकर्णा, चिंध्या काढू नको. आपली विहीर आटली, इज्जत न्हाई."

भर दुपारी एक पोरगी दारात उभी राहिली. केसांतून, पदरातून पाणी निथळत होतं. मी खवळलेच. "गाव घोटाला महाग झालंय अन् तू न्हाऊन फिरतीस व्हय गं?"

ती तसल्या उन्हात नुसती कुडकुडत राहिली. अंगावरचं फाटून लक्तरं झालेलं.

मी पेटी उघडली. माझ्या मरणासाठी ठेवलेलं कोरं लुगडं काढलं, मूठभर ज्वारीनं तिची ओटी भरली. मनकर्णा रडकुंडीला आली.

"आत्याबाई, उद्या तुमाला काय नेसवू?"

"मेल्यावर मला लाज वाटायची न्हाई. हिला आत्ता वाटतीय."

लुगडं छातीशी धरून पोरगी गेली.

संध्याकाळी पोरं सोसायटीच्या गोदामात गठ्ठे बांधत होती. त्यांच्या म्होरक्याला, शहादेवला मी विचारलं, "तुमची ती ओली पोरगी वाळली का?"

"कोणती, आजी? आमच्यात पोरगीच न्हाई."

गठ्ठे सोडून पाहिले. लुगडं कशातच नव्हतं.

"हुडकू का?" मनकर्णानं हळूच विचारलं.

"नको. नेसू दे तिला."

घरी आलो तर उंबऱ्यापुढची माती अजून ओलीच होती. शेळीनं दावं तोडलं होतं अन् मिठाचा खडा चाटावा तशी ती माती चाटत होती.