खुर्ची आत सरकवणारा

चित्रपट दोन तासांचा. त्यातला दीड तास थोरल्याचा, कारण नायक तोच आणि निर्माताही तोच. खलनायक झालेल्या धाकट्या भावाच्या वाट्याला जेमतेम नऊ मिनिटं. तीही थोरल्यानेच दिलेली, 'घरात नुसता बसून असतो' म्हणून.

घरच्यांना कच्चा चित्रपट दाखवला, तेव्हा थोरल्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतं, बायकोच्या चेहऱ्याकडे होतं. पडद्यावर तो जिन्यात बसून ढसाढसा रडत होता. बायको त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, भावजी परत कधी येतात?"

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो संकलनाच्या खोलीत हजर. खोली एवढीशी. एक टेबल, दोन पडदे, तीन खुर्च्या, खिडकीला काळा कागद. चित्रपटाची कापणी-जोडणी करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत.

"मावशी, त्याचं धमकीचं भाषण काढा. फार लांबतंय."

"काढते. पण छाटलेली फांदी जोमानं फुटते, बरं का."

"फांदी कसली? तण आहे ते."

मावशींनी भाषण काढलं. उरली सहा मिनिटं. बायकोला पुन्हा बसवलं. ती पदर आवळून म्हणाली, "आता तर जास्तच भीती वाटते हो. काही बोलतच नाहीत ना!"

थोरल्याने मग त्याचं गडगडाटी हसणं उडवलं, थप्पड उडवली. उरली चार मिनिटं. खलनायक नायकाच्या घरी येतो, जेवणाच्या टेबलाशी बसतो, पाणी पितो, उठतो, खुर्ची अलगद आत सरकवतो आणि निघून जातो. बस्स. पण त्यानंतर नायक जेवायला बसला, की पाहणाऱ्याची नजर त्याच्या तोंडाकडे जाईना. ती त्या रिकाम्या खुर्चीवर.

"हे काय झालं हो, मावशी?" थोरला रडकुंडीला आला. "कापतोय त्याला आणि खुजा होतोय मी!"

मावशी न कंटाळता म्हणाल्या, "शाळेत वर्ग कधी गप्प व्हायचा, आठव. मास्तर आत आल्यावर?"

"नाही. व्हरांड्यात चपला वाजल्या की."

"मग! मास्तर दिसण्याआधीच भीती बसलेली असायची. तू त्याचं बोलणं काढलंस आणि चपला तेवढ्या ठेवल्यास."

"तर मग चपलाही काढा. खुर्चीचा तुकडा उडवा."

मावशींचा हात थांबला. "तो गेला तर पोराचं काम शून्य. तोंडावर सांग त्याला."

धाकट्याला बोलावलं. तो तीन कप चहा घेऊनच आला. हकिकत ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण तो तंडला नाही.

"काढ, दादा. तसंही ते माझं नाहीच."

"म्हणजे? कुणाचं चोरलंस?"

"तुझं."

"माझं?"

"लहानपणी मी तुझं काही मोडलं-फोडलं, की तू ओरडायचा नाहीस. जेवण संपवायचास, पाणी प्यायचास, खुर्ची अशी आत सरकवायचास आणि जायचास. एवढंच. मग मी दिवसभर वाट बघायचो, की हा आता काय करणार. तू काहीच करायचा नाहीस, दादा. तेच तर वाईट होतं."



थोरल्याच्या मनात पहिल्यांदा आली ती लाज नव्हे. पहिल्यांदा आलं ते हे, की दीड तास घाम गाळला आणि उभ्या आयुष्यातलं आपलं सगळ्यात भारी काम हा पठ्ठ्या चार मिनिटांत करून गेला! लाज मागून आली, हळूहळू.

"सवय माझी आणि टाळ्या तुला. छान आहे!" तो पुटपुटला. "राहू द्या, मावशी. तो तुकडा राहू द्या."

तो जायला उठला. हात आपसूक खुर्चीच्या पाठीवर गेला. समोर धाकट्याचा कप ओठांपाशीच थांबला होता. पस्तिशीचा बाप्या, पण डोळे सात वर्षांच्या पोराचे.

थोरल्याने हात काढून घेतला. खुर्ची तशीच, वाकडी, टेबलापासून लांब राहिली.

"चहा पी," तो म्हणाला. "निवतोय."