कन्हैयालालांचा आवाज माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे आणि या क्षणी माझ्या पोटात एक कॅसेट अडकलेली आहे. माझे सांगून होईपर्यंत कृपया कुणी माझे बटण दाबू नका.

मागे.

मागे जाणे मला येते. टेप उलटी फिरवायची आणि हवे तिथे थांबायचे. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून सांगतो. मी कॅसेट गिळतो, तिच्यातली काळी चकचकीत फीत एका फिरत्या डोक्यावरून ओढतो आणि शेजारच्या टीव्हीवर चित्र उमटते. फीत ओढायला माझ्या आत रबराचे पट्टे आहेत. ते लक्षात ठेवा. माझी सगळी भीती त्या रबरात आहे.

थांबा. इथे. १९९९.

त्या वर्षी मी केशोरी गावात कन्हैयालालांच्या घरी आलो. तेव्हा मी नवा होतो. माझ्यावर त्यांच्या बायकोने, गिरजाबाईंनी, विणलेले पांढरे कव्हर घातले. गावातल्या लग्नांच्या कॅसेटी पाहायला अंगणात माणसे बसत, ओसरीवर बसत, काही खिडकीच्या गजांना लटकत. माझे झाकण तापायचे. मला ते आवडायचे.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. मंडईला पाहुणे येतात आणि गावातले लोक नाटक करतात. कन्हैयालाल नाटकात असत, पण दिसत नसत. ते प्रॉम्प्टर होते. पडद्याआड बसून, नट अडखळण्याआधीच त्याचे वाक्य हळू आवाजात सांगायचे, हे त्यांचे काम. त्या वर्षी शालीकराम नावाच्या फोटोग्राफरने नाटकाचे शूटिंग करायचे ठरवले. पण समोरची जागा बायकांनी दुपारीच पोती अंथरून धरली होती. त्या एक वीतही सरकेनात. शेवटी शालीकरामाने कॅमेरा रंगमंचाच्या कडेला लावला, अगदी कन्हैयालालांच्या तोंडाशी.

झाले काय, तर कॅसेटवर प्रत्येक वाक्य दोनदा आले. आधी कन्हैयालालांचा हळू आवाज, मग नटाचा मोठा.

"शालीकराम, नाटक काढलं का कन्हैयाभाऊची कानगोष्ट?" लोक हसले. गिरजाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. कॅसेट बिघडली म्हणून ती माझ्या मागे भिंतीशी पडून राहिली.

(इथे फीत घासली आहे. काही वर्षे नीट दिसत नाहीत. सीडी आली. डीव्हीडी आली. मी कपाटावर गेलो. कव्हर पिवळे पडले. माझ्या एका फटीत मुंगळ्यांनी घर केले आणि मग तेही सोडून गेले.)

पुढे. २००८. कन्हैयालालांना लकवा मारला. हातपाय हळूहळू परत आले. वाचा आली नाही. ते तोंड उघडत, ओठ हलत, आवाज निघत नसे.

एका दुपारी गिरजाबाईंनी मला खाली काढले, पुसले आणि ती बिघडलेली कॅसेट लावली. घरच्या जुन्या टीव्हीतून तो हळू आवाज आला. त्या जमिनीवर बसल्या. त्यानंतर त्या अधूनमधून लावत, थोडा वेळच, घरात कुणी नसताना.

मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटत होता. माझे रबर सैल झाले होते आणि ते फक्त मला माहीत होते. सैल रबराचा व्हीसीआर फीत खातो. चुरगाळतो, वेटोळे करतो, तोडतो. त्या घरात त्या माणसाचा आवाज फक्त माझ्या तोंडी होता. गिरजाबाई बटण दाबत आणि मी मनात म्हणे, आज नको.

त्यांचा मुलगा उमेंद्र म्हणे, "आई, गोंदियाले नेऊन याची सीडी करून घेऊ."

"कवा?"

"धान कापणी होऊ दे."

धान कापणी झाली. मग मळणी. मग लग्नसराई.

पुढे. २०११. जुना टीव्ही फट् आवाज करून गेला. मंडई जवळ आली होती, पाहुणे येणार होते. उमेंद्रला एचडी टीव्ही हवा होता, वहीसारखा पातळ, भिंतीवर टांगायचा. गिरजाबाई हो म्हणाल्या, पण निघताना त्यांनी मला आपल्या जुन्या लुगड्यात बांधले आणि कॅसेट पिशवीत घातली. अर्जुनीपर्यंत जीप, पुढे रेल्वे. सगळी वाट मी त्यांच्या मांडीवर. प्रत्येक धक्क्याला माझ्या आत काहीतरी खुळखुळत होते.

गोंदियातल्या त्या दुकानात भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. त्याचे खवले मोजता आले असते. नंदलाल नावाच्या विक्रेत्याने लुगडे सुटताना पाहिले.

"अम्मा, ये क्या उठा लाए? ये तो अब कबाड़ी भी नहीं लेता."

"कबाड्याले द्याले नाही आणला," गिरजाबाई म्हणाल्या. "पोरगा पाहाले जाताना घरचं मोठं माणूस सोबत नेत नाही का? तसा आणला. याच्याशी ज्याचं जमन, तो घेऊ."

"आई, कायले लाज काढून राहिली? लोकं पाहून राहिले!"

"पाहू दे. तू बी मासा पाह्य."

आणि त्या टीव्हीकडे पाठ करून स्टुलावर बसल्या. एचडी टीव्ही निवडायला आलेली बाई, डोळे मिटून, पाठ करून. दुकानातली गिऱ्हाईके थांबली.

पहिला टीव्ही, सर्वांत पातळ. वायरी लागल्या. बटण. माझे रबर ताणले गेले. नटाचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत. हळू आवाज आला नाही.

"आवाज गेला," गिरजाबाई म्हणाल्या.

"गया नहीं अम्मा, साफ हुआ! इसमें खरखर अपने आप निकल जाती है. कचरा था वो."

"तो कचरा माह्या घरचा माणूस हाये."

नंदलालने वायरी सोडल्या. कॅसेट बाहेर. दुसरा टीव्ही. कॅसेट आत. मला ओरडावेसे वाटत होते: हळू! प्रत्येक वेळी फीत बाहेर ओढताना ती माझ्या दातांत किंचित अडकत होती आणि सुटत होती. दुसऱ्यातही नुसता नट. तिसरा जरा जाड होता, माशाचा रंगही फिका. नंदलालने रिमोट घेतला, आवाज साफ करणारी सोय शोधून बंद केली आणि बटण दाबले.

खरखर. मग त्या खरखरीतून, जवळून, कन्हैयालाल.

उमेंद्र अजून पातळ टीव्हीपुढे उभा होता. तो गर्रकन मागे वळला, बापाने मागून हाक मारावी तसा. दोन ओळी ऐकल्या. मग म्हणाला, "हाच घेऊ."

"चित्र फिकं हाये ना तुह्या मनानं?" गिरजाबाईंनी टोमणा मारला.

"असू दे ना आता!"

पुढे. हळू. मंडईची दुपार. नव्या टीव्हीला हार घातला होता. घरात पाहुणे, मधल्या खुर्चीवर कन्हैयालाल. मोठ्या पडद्यावर माझे चित्र उफणणीतल्या कोंड्यासारखे उडत होते, पण आवाज होता. पाहुणे आधी हसले, मग कुणीतरी "अरे, हा तं कन्हैयाभाऊ" म्हणाले आणि सगळे पुढे सरकले. कन्हैयालाल स्वतःचा आवाज ऐकत होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मी फक्त फीत सांभाळत होतो. सांभाळत होतो. सांभाळ—

रुतली.

पडद्यावर दारापुढे उभा असलेला नट थरथरला आणि गेला. निळे. त्यावर लिहून आले, सिग्नल नाही.

उमेंद्र माझ्याकडे झेपावला. बोट बटणाच्या अगदी जवळ.

"हात नोको लावू!" गिरजाबाई किंचाळल्या. "वढशील तं तुटन!"

तेव्हा माझ्यापुढे गुडघे टेकलेल्या उमेंद्रने वर पाहिले. कन्हैयालालांचे ओठ हलत होते. नट अडखळला होता, आणि त्यांना त्याचे वाक्य पाठ होते.

"काय, बाबूजी?"

ओठ पुन्हा हलले. उमेंद्रने एकेक शब्द ओठांवरून उचलला. "वहिनी... दार... दार उघड. भांडायला नाही, जेवायला आलो."

कन्हैयालालांनी मान हलवली आणि बोटाने खूण केली: मोठ्याने.

"वहिनी, दार उघड! भांडायला नाही, जेवायला आलो!"

पुढचे वाक्य. मग त्याच्या पुढचे. प्रवेश संपेपर्यंत बाप ओठ हलवत राहिला आणि मुलगा बोलत राहिला. चुकला की खुर्चीच्या हातावर टकटक व्हायची आणि तो पुन्हा म्हणायचा.

थांबा.

मित्रांनो, आता मी टेबलावर आहे. माझी वायर काढून ठेवली आहे. कॅसेट आत आहे आणि फीत माझ्या दातांत आहे, चुरगळलेली, पण तुटलेली नाही. मी ती धरून आहे. उमेंद्र आज गोंदियाहून कारागीर आणणार आहे. यावेळी तो "कापणी होऊ दे" म्हणाला नाही.

तोवर माझी विनंती. मला हलवू नका. आणि तुमच्या घरात कुणी हळू आवाजात बोलणारे असेल, तर कापणीची वाट पाहू नका. आजच जवळ बसा आणि ऐका. माझ्यासारख्या यंत्राच्या रबरावर फार भरवसा ठेवू नका.

अंगणात पावले वाजत आहेत. कारागीर असेल. त्याचे हात हलके असोत.