डावीकडे नायट्रोजन, उजवीकडे हवा

वडील गेल्यावर टायरचं दुकान दोघा भावंडांना निम्मंनिम्मं आलं. थोरला टॅक्सी चालवायचा, दुकान बघायची ती धाकटी. पंक्चर, चाकं बदलणं, हवा भरणं सगळं तिला वडिलांनीच शिकवलेलं, आणि या कामात ती कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. तिनं हट्टानं नायट्रोजनचं मशीन आणलं आणि थोरल्याचं डोकं फिरलं.

"हवा सगळीकडे फुकट मिळते, धाकटे. तू ती विकायला बसलीस?"

"साधी हवा वेगळी, हा वेगळा. नायट्रोजन रबरातून हळू निघतो. दाब जास्त दिवस टिकतो."

"हो, आणि गिऱ्हाइकाला उल्लू बनवणंही जास्त दिवस टिकतं."

शेजारच्या औषधवाल्याला आपलं दुकान वाढवायचं होतं. तो सारखा थोरल्याच्या कानाशी लागलेला, आणि थोरलाही विकायला एका पायावर तयार. धाकटीला मात्र ग्रीसनं माखलेली ती एक खोली सोडून जगात दुसरं काही नको होतं. रोज जेवताना वाद व्हायचा, आई ताटावरून उठून जायची. शेवटी धाकटीच म्हणाली, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुझ्या टॅक्सीला नवे टायर घातलेच आहेस. डाव्या दोन चाकांत नायट्रोजन भरते, उजव्या दोन चाकांत साधी हवा. चारही चाकांत दाब सारखा. सहा महिने कुणी हात लावायचा नाही. फरक पडला नाही तर दुकान विक, मी मुकाट सही करते."

"आणि पडला तर?"

"तर हा विषय या घरात परत निघणार नाही."

वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. ही दोघं लहानपणी गोट्यांवरून भांडायची, आता पोटापाण्यावरून पैजा लावत होती.

धाकटीनं काम चोख केलं. डाव्या चाकांतली हवा पार काढली, नायट्रोजन भरला, तोही सोडून दिला आणि पुन्हा भरला, कारण पहिल्या खेपेला जुनी हवा आत थोडी राहतेच. वर नायट्रोजनची खूण म्हणून हिरवी टोपणं बसवली. "टोपणाचा रंग तेवढा झकास आहे," थोरला म्हणाला. ती हसली. पुढचे सहा महिने ती गाढ झोपली. ज्याला आपलं काम येतं त्याची झोप उडत नाही.

ठरलेल्या दिवशी टॅक्सी सकाळीच, चाकं थंड असताना, दारात लागली. वहिनी पंच. धाकटीनं डाव्या चाकांना दाब मोजायचा गेज लावला. काटा अगदी किंचित उतरला होता. मग ती उजवीकडे गेली. तिथंही काटा नेमका तेवढ्यावरच. तिनं दुसरा गेज आणून पाहिलं. केसभराचाही फरक नाही.

तिनं गेज खाली ठेवला. पण साधी हवा सहा महिने अशी बसून राहत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं थोरल्याकडे पाहिलं. पैज जिंकलेला माणूस बॉनेटवरची नसलेली धूळ फडक्यानं पुसत होता.

झाला प्रकार तिच्या ध्यानात आला. भांडायला तोंड उघडणार, तोच ती थांबली. लहानपणी त्यानं फोडलेल्या बरणीचा आळ तिच्यावर यायचा, तेव्हा हाच दादा जेवायच्या वेळेपर्यंत कसाबसा तग धरायचा आणि मग स्वतःच कबूल करायचा. तिनं शटरच्या किल्ल्या त्याच्यापुढे धरल्या.

"ठरलं ते ठरलं. बोलाव औषधवाल्याला."

थोरल्यानं किल्ल्या घेतल्या नाहीत. फडकं मात्र घट्ट पिळलं.

"उजव्या चाकांत मी हवा भरली," तो म्हणाला.

"कधी?" वहिनी ओरडलीच.

"आईला डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं तेव्हा. निघताना चारही चाकं तपासली, उजवी दोन्ही थोडी कमी. आईला तशा गाडीत कसं बसवणार? पैज-बिज डोक्यातच आली नाही. परत येताना आठवली."

"आणि डावी?" धाकटीनं विचारलं.

"डाव्यांना हात लावायची वेळ आली नाही." तो खाली बघत होता. "फार फरक नव्हता हं."

"फार आहे असं मी कधी म्हणाले?"

"गप्प बसणार होतो मी. तू भांडली असतीस तर सांगितलंही नसतं."

"म्हणून तर भांडले नाही."

शेजारचं शटर वाजलं आणि औषधवाला हात चोळत बाहेर आला. पैजेचं थोरल्यानंच त्याला सांगितलेलं, दिवस तो मोजून होता. "मग, कधी करायचे कागद?"

"विकायचं नाही," थोरला म्हणाला.

"अहो, भाव थोडा वाढवून देतो की."

"भावाचं नाही हो. दुकान माझ्या बहिणीचं आहे. चाकातलं तिच्याइतकं मलाही कळत नाही."

वडील गेल्यापासून चारचौघांत त्यानं तिच्याबद्दल असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. सहा महिने निर्धास्त झोपलेल्या धाकटीला त्या एका वाक्यानं रडू आलं. ते लपवायला ती उजव्या चाकापाशी उकिडवी बसली आणि तिथंही नायट्रोजन भरायला त्यातली हवा सोडू लागली.