ऑनोरेची शिट्टी

"ते कबुतर आधी टेबलावरून उतरव," इर्मा म्हणाली. "मला तिथे पीठ मळायचंय."

मी उतरवलं नाही. माणसांच्या बोलण्याची, भांड्यांच्या खडखडाटाची सवय लागावी म्हणूनच तर मी त्याला तिथे बसवलं होतं. छोट्या फळीवर पाय बांधलेले, फळीला दोरी, दोरी माझ्या हातात. दोरी ओढली की फळी कलते, कबुतर तोल सावरायला पंख फडफडवतं, आणि वरून चाललेल्या थव्याला वाटतं की खाली आपल्यातलंच कुणीतरी मजेत चरतंय. अशी भुलवणीची नऊ कबुतरं मी त्या उन्हाळ्यात एकट्याने तयार केली.

"अजून ऑगस्टसुद्धा संपला नाही," इर्मा म्हणाली.

"सेंट लूकला एकोणसाठ दिवस राहिले."

तिने पिठाचं भांडं कबुतराच्या शेपटीला लागेल इतकं जवळ आदळलं. "खरं सांग बाझिल. तू कबुतरांची वाट बघतोयस की माझ्या भावाची?"

बायकोला सगळं कळतं, हा लग्नातला मोठा त्रास आहे. मी दोरी ओढली. कबुतर फडफडलं आणि पीठ तिच्या चष्म्यावर उडालं. मग मात्र आम्हा दोघांनाही स्वयंपाकघराबाहेर जावं लागलं, मला आणि कबुतराला.

तिचा भाऊ ऑनोरे. मी आणि त्याने एकोणऐंशी साली ओकच्या राईत लपण खणलं. कमरेइतका चर, वर फळ्या, फळ्यांवर नेच्यांचा जाड थर, पुढे जाळी लावलेली मोकळी वाळू. तीस वर्षं दर ऑक्टोबरात मी त्याच्या डाव्या हाताला बसलो. अडतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत भुसा गिळला, अकरा महिने करवतीचा आवाज ऐकला, तो बाराव्या महिन्यातल्या शांततेच्या भरवशावर. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये गवंडी भेटत नाही, नळवाला भेटत नाही, आणि अठरा तारखेला, सेंट लूकच्या दिवशी, पाद्रीसुद्धा प्रार्थना आटोपती घेतो. उत्तरेकडून निळी रानकबुतरं पहाडापलीकडे जायला निघतात, आणि आमची सगळी पुरुषमंडळी माना वर करून वेडी होतात.

गेल्या सेंट लूकला आमच्यावर शंभराहून मोठा थवा बसला. आधी ओकच्या शेंड्यांवर, मग मधल्या फांद्यांवर. ऑनोरे तोंडाने घुमत होता. घुमण्यात त्याच्या तोडीचा माणूस नाही, हे मी आजही कबूल करतो. चाळीसएक खाली वाळूवर उतरली आणि मक्याकडे चालायला लागली. जाळ्याची मूठ त्याच्या हातात होती. तेवढ्यात माझ्या छातीतला गिरणीचा भुसा जागा झाला. मी गिळला. पुन्हा आला. मी बाही तोंडात धरली. तिसऱ्यांदा खोकलो.

सगळा थवा एका क्षणात गेला. पंखांचा तो आवाज ऐकून कुणालाही रडू आलं असतं.

ऑनोरे बोलला दुपारच्या जेवणाला, सगळ्या मंडळींसमोर, तोंडात बदकाचा तुकडा असताना. "बाझिल, पुढच्या वर्षी तू घरीच बस. इर्माबरोबर शेंगा सोल. त्या खोकल्याने उडत नाहीत."

खाटीक रोबेर हसला. सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. डिसेंबरात कळलं की माझ्या जागेवर बोर्दोचा एक दंतवैद्य घेतलाय. त्याच्याकडे हिरव्या रंगाचे तीन कोट होते आणि अंगाला अत्तर.

त्या दिवसापासून मी ऑनोरेशी बोललो नाही. नाताळला इर्मा एकटीच माहेरच्यांकडे गेली.

आमच्या रानाचा एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही. दुसऱ्याच्या लपणाकडे जाताना वाटेवरूनच दोन सुरांची शिट्टी घालायची आणि थांबायचं. आतून शिट्टीचं उत्तर आलं तर या. उत्तर नाही आलं तर समजायचं की पाखरं उतरली आहेत. मग जिथे असाल तिथे खिळून राहायचं. पाय उचलायचा नाही, शिंकायचं नाही, पुन्हा शिट्टी घालायची नाही. आत्ता उत्तर येईल, मग येईल म्हणत माणसं घटका घटका झाडासारखी उभी राहिलेली आहेत.

मला ऑनोरेला तसा उभा करायचा होता.

फेब्रुवारीत हे सुचलं आणि मला पहिल्यांदा नीट झोप लागली. इर्माच्या वाटणीची पाइनची एक पट्टी त्यांच्या राईच्या ईशान्येला होती, म्हणजे कबुतरं त्यांच्या आधी माझ्यावरून जाणार. दोन लपणांमध्ये कायद्याने जेवढं अंतर लागतं तेवढं मी मोजून सोडलं, त्याहून एक पाऊल जास्त नाही. मार्च ते जून एकट्याने चर खणला. छातीसाठी डॉक्टरकडे गेलो. तीस वर्षांचा पाइप सोडला, सकाळ-संध्याकाळ राळेच्या गोळ्या चघळल्या, खोकला आला की नाकाने श्वास धरून शंभर मोजायचं शिकलो. इर्मा म्हणायची, "माझ्यासाठी कधी पाइप सोडला नाहीस." ते खरंच होतं. रागाने माणूस जेवढा सुधारतो तेवढा प्रेमाने सुधारत नसावा.

पण मुख्य तयारी डोक्यात चालली होती. माझी पाखरं बघून ऑनोरे कधी ना कधी येणार. शिट्टी घालणार. मी उत्तर देणार नाही. तो उभा राहील, पाय भरून येतील, थंडी हाडांत जाईल. मग मी सावकाश बाहेर येईन आणि म्हणेन, "एकही पाखरू नव्हतं, ऑनोरे. तुला मुद्दाम उभा ठेवला. आता घरी जा आणि शेंगा सोल." हे वाक्य मी दाढी करताना आरशासमोर म्हणून बघायचो. सप्टेंबरात त्यातला 'आता' काढून टाकला, मग परत घातला. इतक्या आतुरतेने मी आयुष्यात कशाचीच वाट पाहिली नव्हती, लग्नाचीसुद्धा नाही.

हंगाम सुरू झाला. पहिल्या दहा दिवसांत मी एकट्याने सव्वीस धरली. त्यांच्याकडे काय चाललंय ते रोबेरने मांस तोलता तोलता सांगितलं.

"चार. त्यातलं एक लंगडं," तो म्हणाला. "परवा तीस खाली होती, आणि दंतवैद्याचा फोन वाजला. कुणाची तरी दाढ दुखत होती."

"ऑनोरे काय म्हणाला?"

"जे म्हणाला ते तुझी बायको इथे उभी असताना सांगता येत नाही."

"सांग की," इर्मा म्हणाली. "मी त्याच्याबरोबर वाढलेय."

त्या रात्री मी दोन वाट्या सूप जास्त प्यायलो.

सेंट लूकचा दिवस उजाडला तो धुक्यात. बोचरी थंडी, वारा नाही, आभाळ दिसेना. असल्या दिवशी कबुतरं उडत नाहीत, पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. तरी मी गेलो. सकाळची कामं केली, भुलवणीची कबुतरं त्यांच्या फळ्यांवर चढवली आणि बाकावर बसलो. एकटा. सेंट लूकला एकटा मी प्रथमच बसत होतो, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडत नव्हतं. पाव कापला तर दुसरा तुकडा कुणाला द्यायचा ते कळेना.

साधारण दहाला शिट्टी आली. दोन सूर, दुसरा जरा खाली घसरलेला. ऑनोरेचा पुढचा दात पंचवीस वर्षांपूर्वी पडला, तेव्हापासून ती तशीच घसरते.

मी नेच्यांच्या फटीतून पाहिलं. वाटेवर, तीस पावलांवर, तो उभा होता. तपकिरी टोपी, बगलेत बाटली. एक पाय पुढे टाकलेला होता, आणि तो तसाच ठेवून थिजला होता. ओठांपर्यंत आलेली शिट्टी मी गिळली. तीस वर्षांची सवय होती, ती आपसूक येते.

मग मी मजेत बसलो. सॉसेज काढलं, बारीक चकत्या केल्या, एकेक चावून खाल्ली. चाकूच्या टोकाने नखं साफ केली. बाहेर एकही पाखरू नव्हतं, आणि तो कल्पनेतल्या पाखरांसाठी श्वास रोखून उभा होता. हे सुख मी फेब्रुवारीपासून राखून ठेवलं होतं आणि आता चवीने खात होतो. वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

अर्ध्या तासाने फटीतून बघितलं तर धुकं दाट झालं होतं, वाट दिसत नव्हती. गेला असेल, म्हटलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, गुडघे खिळखिळे. शेवटी धुक्याकडे बघून त्याला समजलं असेल आणि चिडून गेला असेल. गेला तर गेला. पण मग माझं ते वाक्य राहिलं. त्याचा मला इतका राग आला की उरलेला पाव कडू लागला.

बाराला जेवायला घरी जायचं म्हणून बाहेर पडलो. वाटेवर आलो आणि थबकलो.

ऑनोरे होता. तिथेच. तोच पाय पुढे. एक हात पाइनच्या खोडावर टेकलेला, आणि टोपी डोक्यावर नव्हती, तोंडात होती. त्याने ती दातांत घट्ट धरली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक निळं झालं होतं. पापण्यांवर धुक्याचे थेंब होते.

त्याने टोपी काढली आणि ओठ न हलवता पुटपुटला, "गेली का?"

आरशासमोर घोटलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पहिला शब्द होता 'एकही'.

"गेली," मी म्हणालो.

मग तो खोकला. खोडाला धरून, कमरेत वाकून, किती तरी वेळ खोकला. बाटली खाली पडली. मी त्याची पाठ चोळली नाही, नुसता उभा राहिलो.

"पोचलो तेव्हापासून घशात अडकलाय," तो श्वास घेत म्हणाला. "दोन तास, बाझिल. वाटलं, आता मरतो. पण म्हटलं, आत त्याची पाखरं उतरलीत. टोपी चावून खाल्ली बघ." त्याने टोपीची ओली कड दाखवली. "तेव्हा कळलं रे मला. गेल्या वर्षी तू कसा बसला असशील ते. मी शेंगांचं बोललो. ते बोलायला नको होतं. तेच सांगायला आलो होतो आज, नि वाटेतच अडकलो."

"दंतवैद्य?"

"हाकलला. अत्तर, फोन... जाऊ दे त्याला." त्याने बाटली उचलली, वाळू पुसली. "किती होती?"

"साठ," माझ्या तोंडून गेलं.

"साठ! नि ओढलं नाहीस जाळं?"

"कडेला होती. आत आली नाहीत."

"शहाणा आहेस. घाई केली असतीस तर सगळीच गेली असती." तो थंडीने कुडकुडत होता, पण चेहरा उजळला होता. "चल, दाखव तुझं लपण. इर्मा म्हणते, एकट्याने खणलंस."

मी त्याला चरातून आत नेलं. त्याने फळ्या चाचपल्या, दोऱ्या ओढून पाहिल्या, भुलवणीच्या कबुतरांना एकेक करून नमस्कार केला. मग तो बाकावर गुडघा टेकून समोरच्या फटीशी गेला, आणि मला आठवलं, पण उशीर झाला होता.

जाळ्यांमधली वाळू मी रोज सकाळी दाताळ्याने ओढून सारखी करतो. पाखरू उतरलं की पाऊल उठतं, किती उतरली, कुठून आली, कुठे बिचकली ते सगळं वाळूत वाचता येतं. हे मला ऑनोरेनेच शिकवलं होतं. वाळूवर पहाटेच्या दाताळ्याच्या रेघा होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. कडेला नाही, मध्ये नाही, एकाही रेघेवर पाऊल नव्हतं. मक्याचा एक दाणा हललेला नव्हता.

ऑनोरे फार वेळ बघत राहिला. त्याची मान मला मागून दिसत होती, ओल्या केसांची, म्हातारी. तो ओरडेल, बाटली माझ्या डोक्यात घालेल, असं मला वाटलं. त्याने ते करावं, असं मला मनापासून वाटत होतं.

तो वळला. माझ्याकडे पाहिलं, आणि नजर खाली नेली.

"साठ नव्हती," तो हळूच म्हणाला. "सत्तर तरी असतील. मी पंख ऐकले ना."

आणि तो बाकावर बसला, आपल्या डाव्या हाताला माझी जागा नीट मोकळी सोडून. मी त्याच्यासाठी सूप गरम करायला घेतलं. स्टोव्ह पेटवायला मला पाच काड्या लागल्या.